पाच हजारांच्या आतली चोरी

गाडी सुरू झाली, इथंच आम्ही फसलो.

पहाटे साडेतीनला दादानं किल्ली फिरवली आणि पिकअप पहिल्याच सेल्फला उठली. अंगणातून बाहेर पडली, मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि तिथं दोन आचके देऊन बसली. फिल्टरमध्ये नि पाइपात उरलं होतं तेवढ्याच डिझेलवर ती इतकी चालली होती. मागं हौद्यात कांद्याच्या तीस गोण्या. नेप्तीचा लिलाव गाठायचा, तिथून पुढं वाशीचं भाडं लागलेलं, म्हणून आदल्या संध्याकाळीच दादानं टाकी काठोकाठ भरून आणली होती. बॅटरी मारली तर टाकीचं झाकण नुसतं टेकवलेलं. मागं अंगणात येऊन पाहिलं. गाडी रात्रभर उभी होती त्या जागी मातीवर ताटाएवढा काळा डाग, आणि शेजारी काळ्या नळीचा हातभर तुकडा. ठिबकची नळी, सोळा एमएमची लॅटरल. आमच्या शेतातली की शेजारच्या, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

वहिनी दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पण कुत्रं कसं भुंकलं नाही?"

दादानं उत्तर दिलं नाही. मी त्याचा चुलतभाऊ, दिवाळीच्या सुट्टीला गावी आलेला. मला तो प्रश्न कळायला दोन दिवस लागले.

सरकारी कागदावर आता अहिल्यानगर आहे, ड्रायव्हरच्या तोंडी अजून नगरच. क्षेत्रफळानं राज्यातला सगळ्यांत मोठा जिल्हा, चौदा तालुके, आणि नगर शहर म्हणजे रस्त्यांचा चौफुला: पुणे, मनमाड, संभाजीनगर, सोलापूर, बीड, कल्याण, दौंड. सगळीकडून गाड्या येतात नि सगळीकडं जातात. त्यांत मोठ्या ट्रकांइतकीच गर्दी पिकअपची. कांदा नेप्तीला आणि घोडेगावला, दूध डेअरीला, डाळिंब पुण्याला, जत्रेला मंडपाचे खांब, लग्नात वऱ्हाड, दुष्काळात पाण्याच्या टाक्या. या गाडीला ना ट्रकासारखा क्लीनर असतो, ना कंपनीच्या गाडीसारखा यार्ड. मालक तोच ड्रायव्हर, आणि यार्ड म्हणजे घरासमोरची मोकळी जागा. रात्री ती उघड्यावर झोपते आणि तिच्या पोटाखाली, चासीला पट्ट्यांनी बांधलेली पन्नास-पंचावन्न लिटरची टाकी गुडघ्याच्या उंचीवर लटकत असते.

चोराच्या दृष्टीनं ही उंची फार सोयीची. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं खाली जमिनीवरच्या कॅनमध्ये. एकदा नळी भरली की पुढचं काम पृथ्वी करते. ना पंप लागत, ना आवाज होत. पंधरा मिनिटांत दोन कॅन भरतात. पहिला घोट मात्र तोंडानं ओढावा लागतो, आणि हा प्रकार खेड्यात चोरच करतात असं नाही. इंजिनात डिझेल टाकताना निम्मं गाव तसंच ओढतं. डिझेल पोटात गेलं तर एक वेळ निभावतं. ठसका लागून ते श्वासनळीत उतरलं तर फुप्फुसाला सूज येते आणि न्यूमोनिया होतो. अशा माणसाला मीठपाणी पाजून उलटी करायला लावणं हा सर्वांत वाईट उपाय, कारण वर येताना तेच डिझेल पुन्हा छातीत जातं. त्याला उलटी करायला न लावता तडक दवाखान्यात न्यायचं, मग तो चोर असो की साव.

नळीशिवायचे रस्तेही आहेत. टाकीच्या बुडाला गाळ काढायचा नट असतो. एक पाना पुरतो. इंजिनाकडं जाणारा रबरी पाइप कापता येतो. आणि घाई असेल तर सरळ टोच्या. टाकी पत्र्याची असो की प्लॅस्टिकची, एका भोकात काम होतं. वाईट हे की या शेवटच्या प्रकारात चोराला मिळतं तीस लिटर, वीस मातीत जातं, आणि मालकाच्या गळ्यात नवी टाकी पडते.

त्या सकाळी दादाचं नुकसान नुसतं डिझेलचं नव्हतं. कोरडी पडलेली डिझेल गाडी, पेट्रोलची गाडी कशी बाटलीभर पेट्रोलवर पुन्हा चालते, तशी चालत नाही. लाइनीत हवा शिरते. मिस्त्री म्हणतात, गाडीनं एअर पकडली. मग फिल्टरवरचा पंप दाबत बसायचं, बुडबुडे जाऊन अखंड धार लागेपर्यंत. नव्या कॉमन रेलच्या गाड्यांत तर पंपाला वंगण असतं ते त्याच डिझेलचं. तो कोरडा फिरला की घासतो, आणि त्याचा कीस पुढं इंजेक्टरमध्ये जातो. दादा निघाला साडेनऊला. लिलाव हुकला, वाशीचं भाडं दुसऱ्यानं उचललं.

दुपारी आम्ही ठाण्यात गेलो. ठाणं कुठलं ते राहू द्या. अंमलदारांनी शांतपणे ऐकून घेतलं, पंपाची पावती पाहिली, आणि विचारलं, "एकूण किती रुपयांचं गेलं?" दादानं हिशेब सांगितला. मग ते म्हणाले, "मग एनसी होईल."

मला वाटलं, टाळताहेत. घरी येऊन कायदा उघडला तेव्हा कळलं की ते टाळत नव्हते, वाचून दाखवत होते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. जुन्या कलम ३७९ मध्ये चोरी ती चोरी होती, शंभराची असो की लाखाची, गुन्हा दखलपात्र. नव्या कलम ३०३ मध्ये एक रेघ ओढली आहे, पाच हजार रुपयांची. चोरलेल्या मालाची किंमत त्या रेघेच्या आत असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्यानं माल किंवा त्याची किंमत परत केली, तर शिक्षा सामुदायिक सेवेची. आणि सोबतच्या प्रक्रिया संहितेच्या तक्त्यात अशी चोरी अदखलपात्र, तीच अंमलदारांची एनसी. म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही.

या रेघेमागचा विचार मला वाईट वाटत नाही. भुकेपोटी भाकरी किंवा सायकल चोरणाऱ्या पोराला तुरुंगात घालून कोणाचं भलं झालं आहे? पण रेघ ओढणाऱ्यानं पिकअपची टाकी मोजली नव्हती, एवढं नक्की. डिझेल नव्वदच्या आसपास धरा. पन्नास लिटरचे होतात साडेचार हजार. पंचावन्न लिटरचे चार हजार नऊशे पन्नास. म्हणजे काठोकाठ भरलेली टाकी शेवटच्या थेंबापर्यंत उपसली तरी चोर रेघेच्या पन्नास रुपये आत उभा! चोराला कायदा पाठ असतो असं मी म्हणत नाही. टाकीचं मापच त्याच्या बाजूनं आहे.

मोठ्या ट्रकाचं तसं नाही. त्याच्या टाकीत तीनशे-चारशे लिटर असतं. एका रात्रीत तीस हजारांचा माल जातो, गुन्हा सरळ दखलपात्र होतो. टोळी असेल तर कलम ११२ आहे, संघटित किरकोळ गुन्ह्यांचं. त्यात वाहनातली चोरी नावानिशी लिहिलेली आहे आणि शिक्षा एक ते सात वर्षं. पण टोळी सिद्ध करायला तपास लागतो, तपासाला दखलपात्र गुन्हा लागतो, आणि दहा गावांत दहा पिकअपवाल्यांची चार-चार हजारांची दहा गाऱ्हाणी दहा वेगवेगळ्या वह्यांत पडून राहतात. त्यांची बेरीज करणारं कोणी नाही.

विम्याची वाट तर त्याहून आखूड. गाडी चोरीला गेली तर पॉलिसी आहे. गाडी जागेवर ठेवून नुसती ॲक्सेसरी काढून नेली, तर व्यापारी वाहनाच्या नेहमीच्या पॉलिसीत ते बसत नाही. डिझेलचं तर नावच नको.

आणि चोरलेलं डिझेल सापडलं तरी ओळखायचं कसं? त्याला ना नंबर, ना खूण. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात डिझेल 'ब' वर्गात येतं, आणि कुठलंही भांडं हजार लिटरपेक्षा मोठं नसेल तर एका ठिकाणी अडीच हजार लिटरपर्यंत ते परवान्याशिवाय ठेवता येतं. हे शेतकऱ्याच्या सोयीचं आहे आणि तसंच असायला हवं. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, जनरेटर कशावर चालणार? पण गोठ्यात दोन कॅन दिसले म्हणून कोणी कोणाला हटकू शकत नाही. गुरांसारखं डिझेलला डागता येत नाही.

इंधनचोरीचं नाव काढलं की या भागातल्या माणसाला पानेवाडी आठवते. नगरहून मनमाडला जाणाऱ्या रस्त्याच्या त्या टोकाला, मनमाडजवळ तेल कंपन्यांचे डेपो आहेत. २५ जानेवारी २०११, प्रजासत्ताक दिनाची आदली दुपार. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे तिथून जात असताना त्यांना एका ढाब्याच्या आवारात टँकर उभे दिसले. ते उतरले, मोबाइलवर चित्रण करू लागले. भेसळ करणाऱ्यांनी त्यांना रॉकेल ओतून जिवंत जाळलं. दोन दिवसांनी राज्यभरातले सरकारी कर्मचारी काम बंद ठेवून रस्त्यावर आले. मी तेव्हा कॉलेजात होतो. आमच्या एसटीच्या कंडक्टरनं तिकीट फाडता फाडता ती बातमी सांगितली होती.

अंगणातली नळी आणि पानेवाडीचा टँकर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, मान्य. पण शेवट दोन्हींचा त्याच जागी होतो: कोणीतरी, कुठंतरी, पंपापेक्षा दहा-पंधरा रुपये कमी भावात, पावती न मागता घेणारा बसलेला असतो. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारनं मोकळे सोडले, जून २०१७ पासून ते रोज बदलू लागले, ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईत डिझेलनं शंभरी ओलांडली. नंतर करकपातीनं ते खाली आलं, पण एकदा शंभराचा आकडा पाहिलेल्या माणसाला डिझेल पुन्हा पाण्यासारखं वाटत नाही. अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईत लोकांनी टाकीला किल्लीची झाकणं घेतली होती. आपल्याकडं तेव्हा कुलूप घालायला घरोघरी गाड्याच नव्हत्या.

आता याच जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, ज्या गावात घरांना दारं नाहीत, हे जगाला सांगून झालेलं आहे. युको बँकेनं जानेवारी २०११ मध्ये तिथं बिनकुलुपाची शाखा उघडली. सोनवणे गेले त्याच महिन्यात. गावात पोलीस ठाणं आलं ते २०१५ मध्ये. मी मुद्दाम तिथं जाऊन आलो, पण घरं पाहायला नाही, गाड्या पाहायला. वाहनतळावर भाविकांच्या गाड्यांच्या रांगा, आणि उतरणारा प्रत्येक जण रिमोट दाबून गाडी कुलूपबंद करत होता. काचा वर आहेत का ते परत येऊन बघत होता. त्यात मीही होतो. २०१० मध्ये तिथं चोरीची तक्रार आली तीही घरातली नव्हती. बाहेरून आलेल्या एका भाविकाच्या वाहनातून ऐवज गेला होता. घर गावाचं असतं, त्याला गावाचा धाक पुरतो. गाडी रस्त्याची असते.

दादाला शिंगणापूरला जायचं नव्हतं. तो गेला नगरच्या एमआयडीसीकडच्या एका वेल्डिंगवाल्याकडं, आणि मी त्याच्या मागं.

बाजारात किल्लीचं झाकण मिळतं, बऱ्याच गाड्यांना ते कंपनीकडूनच येतं. दादाच्या गाडीलाही होतं. त्या झाकणाचं कुलूप म्हणजे पत्र्याची चिमटी. जाड पेचकस घालून पिळलं की सुटतं. म्हणून पिकअपवाले झाकणावरून कडी-कोयंडा बसवून घेतात, घराच्या दाराला असतो तसाच. दादाला तेच हवं होतं. त्यानं गाडी लावली आणि म्हणाला, "टाकीवर एक कोयंडा मारून दे."

वेल्डिंगवाला म्हातारा होता. त्यानं हातातला होल्डर बाजूला ठेवला आणि दादाकडं असं पाहिलं, की जणू यानं विहिरीत काडी ओढायला सांगितली आहे. टाकीवर वेल्डिंग मारायचं नसतं. भरलेल्या टाकीवर नाहीच, आणि रिकाम्या टाकीवर तर त्याहून नाही. लोकांना वाटतं रिकामी म्हणजे निर्धोक. उलट आहे. भरलेल्या टाकीत हवेला जागा नसते. रिकामीत तळाला चिकटलेलं डिझेल वेल्डिंगच्या उष्णतेनं वाफाळतं, वाफ आणि हवा मिळून टाकीचा बॉम्ब होतो. वेल्डिंग करायचंच तर टाकी उतरवायची, धुवायची, वाफ द्यायची आणि वरपर्यंत पाणी भरून मगच हात लावायचा. आणि हे सगळं एका कोयंड्यासाठी कशाला?

त्यानं वेगळं केलं. पाच एमएमच्या पट्टीचा एक गजरा वाकवला, टाकीच्या तोंडाभोवती नटबोल्टनं आवळला, आणि त्याला बिजागरीवरचं झाकण केलं. ते बंद केलं की आतलं मूळ झाकण दिसतही नाही. नटांची डोकी आवळून झाल्यावर ग्राइंडरनं घासून गोल केली. पान्याला पकडच नाही. तळाच्या नटावर वाटीसारखं एक आवरण, तेही चासीला बोल्टनं धरलेलं. टाकीला ठिणगी लागली नाही. सगळं काम दीड तासाचं, त्यातला पाऊण तास चहा.

पूर्ण टाकीला जाळीचा पिंजरा करून दे, असंही दादा म्हणाला. म्हातारा नको म्हणाला, आणि त्याची कारणं मला पटली. पिंजऱ्यात चिखल अडकतो, ओला राहतो, दोन पावसाळ्यांत पत्रा कुजतो. चोर नेईल त्याच्या दसपट गंज नेतो. दुसरं, झाकणाला हवा घ्यायला बारीक भोक असतं. काही जण वरून प्लॅस्टिक बांधतात, एमसील लावतात. मग डिझेल खाली जाईल तशी टाकीत पोकळी होते, गाडी घाटात ओढेनाशी होते आणि मालक पंपवाल्याला शिव्या देत फिरतो. तोंडात बसवायची अँटी-सायफन जाळी मिळते, ती चांगली, नळी आत जाऊच देत नाही. फक्त पंपावर डिझेल फेसाळून नोझल पुन्हा पुन्हा कट होतो, मागचे हॉर्न वाजवतात.

रात्री टाकी अर्धीच ठेवावी, असा सल्ला मला तिघांनी दिला. पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवू नये, असाही तिघांनीच दिला. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार पडून पत्र्याला घाम सुटतो आणि पाणी तळाला बसतं. दोन्ही खरे.

पाण्यावरून घातपाताचा विषय निघालाच. गावात भांडण झालं की टाकीत साखर टाकायची धमकी अजून दिली जाते, आणि ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तिथं साखरेला काय तोटा! समज असा की साखर विरघळते, इंजिनात जाऊन तिचा पाक होतो आणि पिस्टन चिकटतात. १९९४ मध्ये बर्कलेचे न्यायवैद्यक शास्त्रज्ञ जॉन थॉर्नटन यांनी हे मोजून पाहिलं. पंधरा गॅलन पेट्रोलमध्ये एक चमचाही साखर विरघळली नाही. पंधरा गॅलन म्हणजे सुमारे सत्तावन्न लिटर, जवळपास पिकअपची टाकी. साखर तळाला बसते, फार तर फिल्टर तुंबवते. पाणी मात्र खरं वैरी. ते डिझेलपेक्षा जड, तळाशी जातं, आणि इंजिनाला जाणारी नळी तळातूनच ओढते. फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू आठवड्याला एकदा सैल करून काचेच्या ग्लासात चार थेंब पाहिले, तर टाकीत कोणी काय ओतलं ते कळतं. दादा हे आता करतो. वहिनीचा एक ग्लास त्यात गेला.

राहिला तो विषय, जो मालक मोकळेपणानं बोलत नाहीत. ज्यांच्या चार-पाच गाड्या आहेत त्यांना बाहेरच्या चोरापेक्षा आतल्याची धास्ती. त्याला इकडं डिझेल मारणं म्हणतात. ढाब्यावर दहा लिटर काढून द्यायचं, रोख घ्यायची, आणि मालकानं विचारलं की ॲव्हरेज पडला म्हणायचं. मालक मग जीपीएस लावतो, टाकीत सेन्सर बसवतो, मोबाइलवर आलेख बघत बसतो. खड्ड्यात गाडी आपटली तरी आलेख खाली येतो आणि मालक फोन करतो. मी यात ड्रायव्हरची बाजू घेईन. रात्रभर नगर–मनमाड रस्त्याचे खड्डे चुकवत गाडी आणणाऱ्याला भत्ता किती मिळतो, तेही एकदा त्या आलेखात दिसावं.

कुत्र्याचं राहिलंच. दादाचा मोत्या अनोळखी माणसाला फाटकाच्या आत येऊ देत नाही. पोस्टमन अजून रस्त्यावरून हाक मारतो. त्या रात्री तो गप्प होता. दादाला तेव्हाच कळलं असणार, म्हणून तो वहिनीशी बोलला नाही. मी दोन दिवसांनी विचारलं, "दादा, कोण असंल?" तो म्हणाला, "नाव घेऊन काय करू? उद्या त्याच्याच ट्रॅक्टरनं पेरणी करायचीय." एनसीच्या कागदावर संशयिताचा रकाना कोराच ठेवला होता.

कोयंड्याला पितळी कुलूप आलं. त्याची किल्ली गाडीच्या किल्लीत नको, असं वहिनीचं म्हणणं. ती देवघरात ठेवायची. पहिल्याच आठवड्यात दादा पंपावर गेला नि किल्ली घरी. पंपावरचं पोरगं नोझल हातात धरून उभं, मागं सहा गाड्या. दादा तसाच परत आला.

पोळ्यानंतर त्याचा फोन आला. रात्रीतून पुन्हा कोणी येऊन गेलं होतं. कोयंडा शाबूत, कुलूप शाबूत, टाकी काठोकाठ. हौद्याखालची स्टेपनी गेली होती. साखळी कापून नेली. टायर दोन महिन्यांपूर्वीचा, बिल सहा हजार आठशेचं, घरात होतं.

"मोत्या?" मी विचारलं.

"नाही भुंकला," दादा म्हणाला. मग जरा थांबून, आवाजात थोडा मान आल्यासारखा: "पण या वेळी एफआयआर घेतला बरं का."